कंदिलाच्या उजेडात

परदेशातल्या कॉलेजला शाळेच्या काउन्सेलरचं शिफारसपत्र लागतं, म्हणून प्रणय साळवे तनुजा मॅडमच्या केबिनमध्ये उभा होता. मॅडमनी कॉम्प्युटरवरचं पत्र मोठ्या झोकात वाचून दाखवलं. प्रणय पत्र्याच्या खोलीत वाढला, कंदिलाच्या उजेडात शिकला, त्याची आई चार घरची धुणीभांडी करते.

"मॅडम, आम्ही गारखेड्यात फ्लॅटमध्ये राहतो," प्रणय चाचरत म्हणाला. "इन्व्हर्टर आहे घरी. कंदील आजोबांच्या वेळी होता, देवगाव रंगारीला. आणि माझा गणिताचा प्रोजेक्ट राहिलाच की यात."

"गणित काय, सगळेच करतात रे. तुमच्या समाजातलं पोरगं म्हटलं की तिकडच्या लोकांना हेच ऐकायचं असतं. तुझ्या भल्याचंच लिहिलंय."

"पण मॅडम, आई..."

मॅडमनी तोवर बटण दाबून पत्र पाठवूनही टाकलं आणि खुर्चीतून उठता उठता गुडघा दाबून धरला.

"बरी आठवण केलीस. संध्याकाळी औरंगपुऱ्यात तुझ्या आईच्या दवाखान्यात येतेय, गुडघा लई ठणकतोय. आईलाच सांग, डॉक्टर मॅडम, माझा नंबर जरा आधी घ्या म्हणावं."