डावा गुडघा

अमेरिकन फुटबॉलच्या त्या संघात तरुण बचावपटू टायरिकची जागा डळमळीत झाली होती. रविवारच्या सामन्यात त्याने मुसंडी मारली आणि समोरच्या संघाचा हुकमी खेळाडू कोल्बी याच्या डाव्या गुडघ्यावर सगळं अंग झोकून दिलं. कोल्बीला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रेक्षकांनी टायरिकच्या नावाने स्टेडियम डोक्यावर घेतलं. प्रशिक्षकांनी त्याची पाठ थोपटली, "वाघ आहेस लेका! आता तुला कोण काढतंय?"

सामना संपल्यावर तो कोल्बीला भेटायला गेला. कॉलेजात चार वर्षं दोघं एकाच खोलीत राहिले होते.

"माफ कर गड्या. खेळात होतं असं."

कोल्बीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गुडघा दुखतोय हे मी आमच्या डॉक्टरांनाही कळू दिलं नव्हतं, टाय. फोनवर फक्त तुला बोललो होतो."