डाइव्हासाठी सहा घंटा

डेस्मंडने दार उघडलं आणि हिलरीला पाहून भुवया वर केल्या.

"अरे वा! बाईसाहेब! वाट चुकलात वाटतं."

पूर्वी तो तिला अगंतुगं करायचा. "आत घेणार आहेस, की पावसातच उभी राहू?" हिलरी म्हणाली. साडेतीन वर्षांनी ती या दारात आली होती आणि आताही तिला मागच्या मागे पळून जावंसं वाटत होतं.

दोघं शाळेपासूनचे दोस्त. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, सहा दोर, दोराला एकेक माणूस. तीस वर्षं या दोघांनी शेजारशेजारचे दोर ओढले. मग देशाने युरोपीय युनियनमध्ये राहायचं की नाही, याचं ते सार्वमत आलं. डेस्मंड म्हणाला, युरोपातून बाहेर पडायचं. कोणीही उठावं आणि इथे येऊन राहावं, हे बंद झालं पाहिजे. हिलरी म्हणाली, अकलेचं दिवाळं निघालंय तुझं. तेही चर्चच्या सभागृहात, भरसभेत. तेव्हापासून डेस्मंडची माणसं मंगळवारी सराव करायची, हिलरीची गुरुवारी. एकेका वारी जेमतेम तीन-चार घंटा वाजायच्या. कसलं डोंबलाचं संगीत ते!

दोन्ही वारी येणारी एकटी डाइव्हा. लिथुआनियाची पोरगी, कोबी भरायच्या शेडमध्ये कामाला, गावात नऊ वर्षं झालेली. तिला दोर धरायला डेस्मंडनेच शिकवलं होतं. तिला मताचा हक्क नव्हता, त्यामुळे तिचं कोणाशी भांडणही नव्हतं.

आणि आता डाइव्हा निघाली होती. तसं ती कोणाला बोलली नव्हती. पण पंधरा दिवस रोज संध्याकाळी शेडमधली रिकामी खोकी सायकलवर लादून ती हिलरीच्या खिडकीसमोरून जात होती. शुक्रवारी देश युनियनमधून बाहेर पडणार, पोरगी बिऱ्हाड आवरतेय, हे कळायला ज्योतिषी कशाला हवा? तिला तोंडावर विचारणं मात्र कोणाला जमलं नाही. आमच्याकडे असं कोणी कोणाला विचारत नाही. लोक हवापाण्याचं बोलतात आणि घरी जातात.

"डाइव्हा चाललीय," हिलरीने एकदाचं सांगून टाकलं.

डेस्मंड चहाचं पाणी ठेवत होता. त्याचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय. तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस. तुझ्यासारख्यांनीच तिला हाकललं."

एरवी त्याने हिलरीला फाडून खाल्लं असतं. आज त्याने नुसते दोन कप काढले. कान तेवढे लाल झाले. शरम वाटतेय मेल्याला, असं तिच्या मनात आलं आणि तिला जरा बरंच वाटलं.

भिंतींवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या. बायको गेल्यापासून त्याने घरात खिळासुद्धा हलवला नव्हता.

"रंग देतोयस?" तिने विचारलं.

"द्यायला हवाच कधीतरी."

"बरं, ऐक. शनिवारी सकाळी सहा घंटा वाजवू. सगळ्यांनी मिळून. साडेतीन वर्षं तिने आपल्या दोघांची मनं सांभाळली, आणि आपण तिला तीन-चार घंटांवर वाटेला लावायचं? मला लाज वाटते रे."

डेस्मंडने चहा ओतला.

"निरोपाला सहा हव्यातच," तो म्हणाला. "येतो मी. तू दुपारचं काही खाल्लंस का गं?"

तिने नाही म्हटलं, मग त्याने टोस्ट भाजले.

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी मनोऱ्यात हजर होता. मंगळवारवाले आले, गुरुवारवाले आले. एकमेकांना "थंडी आहे" म्हणाले आणि दोरांपाशी उभे राहिले. घंटा सुरू करायची हाक द्यायचा मान कायम डेस्मंडचा. त्याने नकारार्थी मान हलवली.

"आज तू दे, डाइव्हा."

डाइव्हाने हाक दिली आणि सहा घंटा सुटल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या फेरीला हात जुळले. खाली बेकरीतली माणसं पिठाच्या हातांनी बाहेर आली, बागेच्या कुंपणांशी लोक उभे राहिले. कालच्या दिवशी केक कापलेले आणि कालच्या दिवशी रडलेले, सगळे वर मान करून ऐकत होते. हिलरीला रडू आवरेना. शेजारच्या दोरावर डेस्मंडही डोळे पुसत नव्हता, कारण हात रिकामे नव्हते.

घंटा थांबल्या. हिलरीने पिशवीतून स्वतः विणलेली लोकरीची टोपी काढून डाइव्हाच्या हातात ठेवली.

"तिकडे थंडी फार, पोरी. आम्हाला विसरू नकोस."

"तिकडे कुठे?"

"तुझ्या घरी. लिथुआनियाला."

डाइव्हा हसायलाच लागली. "मी कशाला जाऊ? मला इथे राहायचे कागद केव्हाच मिळाले. आणि आता सगळ्यांचा सराव मला घ्यायचाय."

"मग ती खोकी?"

डाइव्हाने डेस्मंडकडे पाहिलं. "तुम्ही यांना सांगितलंच नाहीत?"

सगळे त्याच्याकडे वळले. तो दोराची गुंडाळी करत राहिला.

"लेकीकडे चाललोय. पोर्तुगालला, कायमचा," तो वर न बघता म्हणाला. "डिसेंबरपर्यंत जुनेच नियम आहेत, नुसतं उठून जाता येतं गं, हिलरी. नंतर आपल्याला परवानगी मागावी लागणार आहे."