आजोबांची तीच चूक

"आजोबा, आज तरी ताईच्या व्हायोलाला व्हायोलिन म्हणू नका हं! तो व्हायोलिनहून मोठा असतो, ती किती चिडायची," धाकट्या नातीनं दहादा बजावलं. तेविसाव्या वर्षी गेलेल्या ताईच्या आठवणीसाठी सभागृह भरलं होतं. वाद्यवृंदातल्या तिच्या सोबत्यांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तासभर नुसते नाकं पुसत होते. ताईला रडकी तोंडं मुळीच खपायची नाहीत, म्हणून धाकटीचा जीव वरखाली होत होता.

आजोबा माईकपाशी गेले. "माझी नात व्हायोलिन वाजवायला लागली, की आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच ऐकत उभी राहायची."

धाकटीनं कपाळाला हात लावला.

"तर तिचं ते व्हायोलिन..."

"व्हायोला!" मागून लिफ्टवाला ओरडला.

"तेच ते, व्हायोलिन."

"व्हायोला!" आता अख्खं सभागृह गरजलं, थेट ताईच्याच फणकाऱ्यात, आणि मग हसता हसता लोकांची पुरेवाट झाली.

आजोबा मिशीतल्या मिशीत हसत परत आले. धाकटीनं त्यांच्या हातातला भाषणाचा कागद ओढला. त्यावर दोनच ओळी होत्या:

'व्हायोलिन म्हणायचं आणि थांबायचं.

येतेच ती.'