भातुकलीचा भाव

"काकू, आता हिला हात लावू नका," जुन्या वस्तूंचा व्यापारी माझी पितळी भातुकली न्याहाळत म्हणाला. "परवापर्यंत कुणी विचारत नव्हतं. आज काळ्या पडलेल्या पितळेला भाव आलाय. घासलीत, की गेला."

"आणि उद्या?"

"ते कोण सांगणार? तोवर कुलपात ठेवा."

जन्मभर बाजार धुंडाळून हा इवलासा बंब, हा अंगठ्याएवढा सोऱ्या जमवला, ते काय कुलपात ठेवायला? मी चिंच आणली आणि त्याच्यासमोरच बंब घासायला घेतला.

"अहो, निम्मी किंमत गेली!" तो कळवळला.

"जाऊ दे." बंब लख्ख झाला. मी चिमुकल्या ताटलीत चुरमुऱ्यांचा भात वाढून त्याच्यापुढे सरकवला. "बसा, बाहुलीचं लग्न आहे. तुम्ही मुलाकडचे."