गढीतल्या देवीची ओटी

गढी विकल्याचं मला बायकोच्या तेराव्याला कळलं. गढीचे धाकटे सरकार जेवायला आले होते. म्हणाले, "नाना, तिथं आता लग्नाचा हॉल होणार."

"आणि दारातली देवी?"

"ती जागच्या जागी राहील."

देवीची ओटी दर चैत्रात बायको भरायची. शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "यंदाची राहिली. एखाद्या सवाष्णीकडून भरून घ्या."

हॉल सुरू झाल्यावर एका लग्नाच्या दिवशी खण-नारळ घेऊन गेलो. देवीपुढे फोटोसाठी फुलांची भिंत उभी होती. नुकतंच लग्न लागलेल्या नवरीला म्हणालो, "पोरी, भिंतीमागं देवी आहे. ओटी भरशील?"

"भरते की, आजोबा. सरकवा ही भिंत."

मॅनेजर म्हणाला, "फोटो होऊ द्या आधी."

फोटो संपले तेव्हा वऱ्हाडाची निघायची घाई झाली. नवरी भिंतीकडे हात जोडून गाडीत बसली.

खण-नारळ परत आणला, घरीच आहे. ओटी भरायची राहिली.