चोवीस युनिट

लेकीने गॅसच्या वरच्या फळीवरून इन्सुलिनची बाटली काढली आणि तिचं डोकंच फिरलं.

"बाबा, ही उघडून पन्नास दिवस झाले! अठ्ठावीस दिवसांनी टाकून द्यायची असते. त्यात ठेवलीये कुठे, तर शेगडीच्या वाफेत!"

"तळाला आहे की अजून. औषध आहे ते, नासायला दूध आहे का?"

तिने बाटली कचऱ्यात टाकली आणि तडक जाऊन नवी आणली. "किती घेता?"

"आधी चौदा घ्यायचो. साखर काही उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दोनदा वाढवून चोवीस केलेत."

तिने मोजून चोवीस टोचलं आणि समोर बसून त्यांना जेवायला घातलं.

दीड तासात बाबा घामाने डबडबले. हात लटलटायला लागले, लेकीला आईच्या नावाने हाका मारू लागले. त्यांच्या तोंडात साखर घालत तिने डॉक्टरांना फोन लावला.

"आज काही बदललंत का?"

"काही नाही हो! उलट जुनं फेकून ताजं इन्सुलिन दिलं. डोस तोच, चोवीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साखर देत राहा, मी निघालोच. अहो, ते चोवीस मेलेल्या औषधाचे होते!"