बंदिवान सुटला

‘बंदिवान सुटला’ एवढाच निरोप धर्मगुरू मातेओसने पुढे धाडला होता. लुटारूंनी पळवलेल्या पोथीलाही आर्मेनियात बंदिवानच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होईल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मठाच्या दाराशी, त्याच लुटारूंनी धरून नेलेल्या आवागची आई गोहार उभी होती, गरम भाकरी फडक्यात गुंडाळून.

“बाबा, कुठाय माझा आवाग? खेचरामागे लपलाय ना? अजून चाळे गेले नाहीत मेल्याचे!”

मातेओस खाली उतरला. छातीशी धरलेली शुभवर्तमानाची पोथी त्याने पुढे केली.

“ही सुटली, गोहार.”

“आणि तो?”

“दोघांपैकी एकालाच सोडणार होते ते.”

“मग तुम्ही हिला निवडलंत?”

“आवागच म्हणाला,” मातेओस घाईघाईने बोलून गेला. “म्हणाला, बाबा, आधी पोथी न्या. माझं मी बघतो.”

गोहारने डोळे पुसले. हळूहळू तिची मान ताठ झाली.

“असं म्हणाला? घरात माझं एक ऐकायचा नाही, गाढव!” ती जमलेल्या बायांकडे वळली. “ऐकलंत का गं? माझ्या लेकानं पोथी सोडवली!”

तिने पोथीचं चुंबन घेतलं. मग रीतीप्रमाणे मातेओसचा उजवा हात धरून ओठांना लावला.

त्याला तो मागे घेता येईना. याच हाताने परवा त्याने आपल्या झग्याला गच्च धरलेली आवागची बोटं एकेक करून सोडवली होती.